सध्या बाहेरगावी

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र बाजूला ठेवलं असशील, आणि मग दोन दिवसांनी हातातलं काम अर्धं टाकून, हात पुसून उघडलं असशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, चोवीस वर्षांत माणसाचा तेवढा भाग काही बदलत नाही. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण मला धड काही सांगता येत नाही, मी मध्येच फाटे फोडत बसतो. बाबांना तू यायला हवी आहेस. मलाही हवी आहेस. आणि तू येशील की नाही, हे मी या पत्रात किती खरं लिहितो त्यावर आहे असं मला वाटतं. म्हणून सकाळपासून तीन कागद चुरगाळून झालेत. तुझी भावजय मघाशी म्हणाली, तुम्ही पत्र लिहिताय की चूल पेटवायची तयारी करताय?

तुझ्या लेकीनं तुला बरंच काही सांगितलं असेल. तुला न सांगता ती आमच्याकडे येऊन गेली, म्हणून तू आधी तिला झापलं असशील आणि मग दार लावून रडली असशील. पण तिला अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे, आणि ते काही चांगलं नाही.

गेल्या सोमवारी शाळेसमोर बस थांबली. बसच्या नाकावर कापडी फलक, प्रादेशिक उद्योग, संस्कृती आणि ग्रामीण विकास, विद्यार्थ्यांचा अभ्यासदौरा. फलक एवढा मोठा की बसचा एक दिवाच झाकला होता. आतून बावीस पोरंपोरी उतरली, प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र आणि हातात पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेले कागद. त्यांच्या सरांच्या गळ्यात शिट्टी. सर शिट्टी वाजवायचे आणि गावातली सगळी कुत्री धावत यायची, पोरं काही यायची नाहीत. मी आपल्या दोर वळायच्या शेडच्या दारात उभा राहून हसत होतो. तेवढ्यात नवव्या की दहाव्या नंबरला एक मुलगी पायरीवरून उडी मारून उतरली, दोन्ही पाय एकदम टेकवून, आणि माझ्या हातातला तागाचा जुडगा खाली पडला. बसमधून अशी उडी एकच माणूस मारायचं, आणि बाबा दर वेळी ओरडायचे की गुडघे फुटतील. हनुवटी तुझीच. मान वाकडी करून वर बघायची खोड तुझीच. राहिलं साहिलं ते गळ्यातल्या कार्डावर लिहिलेलं होतं. तिचं नाव मला आधीच माहीत होतं, ताई. ते कसं, ते पुढे सांगतो, सांगायलाच बसलोय. तेव्हा मी जुडगा उचलला आणि शेडच्या आत सटकलो, आनंदानं नव्हे.

चार दिवस गाव नुसतं प्रश्नांनी भरून गेलं होतं. सुताराला विचारलं, विकास म्हणजे तुमच्या मते काय. तो म्हणाला, दुपारची वीज. लोहाराच्या आईला विचारलं, तुमच्या काळात आणि आताच्या काळात फरक काय. ती म्हणाली, तेव्हा मला कुणी काही विचारत नव्हतं. तुझ्या भावजयीला विचारलं, फावल्या वेळात काय करता. तिनं उलट विचारलं, तो कधी असतो ते आधी सांगा, मग बघते काय करायचं ते. संस्कृतीच्या रकान्यासाठी एक चष्मेवाला मुलगा बाबांच्या मागे लागला होता, दोर वळताना तुम्ही कोणती गाणी म्हणता म्हणून. बाबा म्हणाले, तोंड उघडलं की तागाची धूळ घशात जाते रे बाबा, गाणी कसली म्हणतोस, आम्ही थुंकतो. त्यानं तेही लिहून घेतलं. सरांनी नंतर खोडायला लावलं असेल.

तुझी लेक मात्र गावात फिरली नाही. दोरवाल्यांचं घर मला द्या, असं तिनं सरांकडून मागून घेतलं होतं. पहिल्या दिवशी ती परक्यासारखी बसली. मला काका म्हणाली, बाबांना आजोबा म्हणाली, पण तसं ती सगळीच पोरं म्हणत होती. मीही ओळख दाखवली नाही. आम्ही दोघं एकमेकांना पुरते ओळखून होतो आणि दोघंही तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. मी विचारीन म्हणून ती वाट बघत होती. बस कधी जाते म्हणून मी वाट बघत होतो. लाज वाटते लिहायला, पण तसंच होतं.

शेड तशीच आहे. पत्रे नवीन घातले, जमीन तीच, लांबीही तीच. दोनशे दहा पावलं. त्या पोरांना काम समजावून सांगताना माझं मलाच नवल वाटलं. या टोकाला चाक, चाकाला आकडा, आकड्याला तागाचं टोक अडकवायचं, कमरेला जुडगा गुंडाळायचा आणि दोन्ही हातांनी धागा सोडत मागे मागे चालत जायचं, थेट त्या टोकापर्यंत. तोंड सगळा वेळ चाकावरच्या माणसाकडे. एका मुलीनं विचारलं, एकट्यानं नाही का होत? मी म्हटलं, नाही, दोन माणसं लागतातच. नायलॉननं बाजार खाल्ला हे खरं, तरी होडीवाले अजून आपलाच दोर नेतात, आणि रस्सीखेचवाले तर सोडतच नाहीत, हाताला चावत नाही म्हणून. चाकावर आता तुझी भावजय असते. बाबांनी आपल्याला शिकवलं होतं ना, चाकावर असलं की मागे चालणाऱ्याच्या हाताकडे बघायचं नाही, पावलाकडे बघायचं. पाऊल अडखळलं की चाक तेवढ्यापुरतं मऊ करायचं, मग गाठ होत नाही. मला ते कधी जमलं नाही. हिलाही जमत नाही, ही माझ्या तोंडाकडे बघते, मी काही बोललो तर उलटून बोलायला तयार.

बाबांना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. ऑपरेशन करू म्हटलं तर म्हणतात, बघायचं काय राहिलंय. पण शेडमध्ये रोज येतात, ताग चाचपून निवडतात, आणि अधूनमधून हट्टानं जुडगा कमरेला बांधून मागे चालतात. मागे चालायला डोळे लागतात कशाला, हा त्यांचा विनोद. दिवसातून दोनदा तरी करतात. आम्ही दोनदा हसतो.

दुसऱ्या दिवशी तुझ्या लेकीनं कागद काढले आणि बाबांसमोर बसली. घर पक्कं की कच्चं, पाणी कुठून येतं, धंदा किती पिढ्यांचा. मी जवळच बसलो होतो, तोंडातून काही भलतं बाहेर पडू नये म्हणून. मग तिनं विचारलं, कुटुंबात माणसं किती? मी घाईघाईनं म्हटलं, तीन. बाबा म्हणाले, चार. तुझी भावजय कपात चहा ओतत होती, ती थांबली. मी म्हटलं, बाबा, तीन. आपल्याला मूलबाळ नाही, तुम्ही, मी आणि ही. बाबा माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. तिला म्हणाले, तू चार लिही पोरी, मोठी मुलगी आहे माझी. चाक फिरवते. सध्या बाहेरगावी असते.

तिनं लिहिलं. मी तिच्या हाताकडे बघत होतो, हात जराही हलला नाही. वय? बाबांनी बोटं मोजली, चव्वेचाळीस, पुढच्या महिन्यात पंचेचाळीस होईल. शिक्षण? इथं बाबा अडले. मग म्हणाले, पुष्कळ. किती ते मला माहीत नाही, पण पुष्कळ लिही. तिनं त्या चौकोनात पुष्कळ असं लिहिलं, कागद नीट चिमट्यात लावले, आणि पाणी पिऊन येते म्हणून उठली. बराच वेळ आली नाही. मी खिडकीतून पाहिलं. तुझी लेक मागच्या भिंतीला कपाळ टेकून उभी होती. मी बाहेर जायला हवं होतं. मी गेलो नाही.

तू गेलीस तेव्हाही अशीच बस होती, अशीच पोरं, असेच कागद. त्या वेळी सर नव्हते, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. तू त्यांना शेड दाखवलीस, ताग कुठून येतो, किती भिजवायचा, कुठला दोर कुठल्या कामाला, सगळं तोंडपाठ. त्या बाबांना म्हणाल्या, ही मुलगी मला द्या, वसतिगृहात ठेवते, शिकवते. बाबा म्हणाले, आणि माझं चाक कोण फिरवणार? तू म्हणालीस, गुंड्या आहे की. गुंड्याला शिकायचंय का, हे बाईंनी विचारलं नाही. तुलाही सुचलं नाही. निघायच्या सकाळी तू शेडच्या मागे आलीस. मी तागाच्या ढिगावर बसलो होतो, सतरा वर्षांचा घोडा. तू विचारलंस, गुंड्या, मी जाऊ का? मी म्हणालो, जा की, मला काय त्याचं. आणि तू ते खरं धरलंस. आई गेल्यापासून मला वाढणारी, माझी बटणं शिवणारी, माझं प्रत्येक खोटं कान धरून पकडणारी तू, तुला नेमकं तेच खोटं पकडता आलं नाही. त्याचा राग मी इतकी वर्षं धरला. आज लिहून काढलं तर किती एवढंसं दिसतंय.

बाबा बसच्या दाराशी येऊन ओरडले, गेलीस तर पुन्हा पाऊल टाकू नकोस. ते सगळ्या गावानं ऐकलं, तू तर ऐकलंसच. महिन्याभरानं ते एकटेच चाकापाशी बसले होते, आणि म्हणाले, मी असं बोलायला नको होतं रे. ते फक्त मी ऐकलं.

असो. चौथा दिवस. जायच्या आधी पोरांना चाक फिरवून बघायचं होतं, आणि बाबांना चेव आला, मीच मागे चालतो म्हणाले. जुडगा बांधला, धागा अडकवला. पोरांनी एकेक करून चाक धरलं आणि अक्षरशः वाट लावली. कुणी झटके द्यायचं, कुणी फोटो काढायला थांबायचं, धाग्याला लिंबाएवढ्या गाठी. बाबा तिकडून ओरडत होते, कोण आहे रे चाकावर, म्हैस आहे काय? पोरं खिदळत होती. सगळ्यांचं झाल्यावर तुझी लेक पुढे आली. मी नवा धागा लावून दिला. तिनं बाह्या वर सारल्या, एक पाय पुढे टाकला, आणि चाक सुरू केलं. मी आधी तिच्या हाताकडे पाहिलं. मग डोळ्यांकडे पाहिलं. ती बाबांच्या पावलांकडे बघत होती. ताई, तू त्या पोरीला काय काय शिकवून ठेवलंयस गं? नंतर म्हणाली, शिवणयंत्राच्या चाकावर शिकवलं आईनं, लहानपणी आमचा खेळच तो होता, आई खोलीभर मागे मागे चालायची आणि मी चाक फिरवायचे.

पंधरा-वीस पावलं गेल्यावर बाबांच्या ओरडण्याचा आवाज बंद झाला. त्यांनी मान खाली घातली. धागा तळव्यातून जात होता आणि ते चालत होते, थांबले नाहीत, चुकले नाहीत, सगळी दोनशे दहा पावलं. टोकाला पोचल्यावर उभे राहिले आणि तिथूनच मला हाक मारली, गुंड्या, चाकावर भिंगरी आलीय का रे? तुझं ते नाव मी त्यांच्या तोंडून फार वर्षांनी मोठ्यानं ऐकलं. पोरांना काही कळेना. तुझी लेक चाक सोडून पळायच्या बेतात होती, तर बाबा तिकडून गरजले, चाक सोडू नकोस, पीळ सुटेल! म्हणून ती तशीच चाक धरून उभी, गालांवरून पाणी, पुसायला हात मोकळा नाही. बाबा त्या टोकाला धागा धरून उभे, त्यांचं तसंच. मधला मी. मी आधी हे टोक बांधलं, मग दोनशे दहा पावलं चालत जाऊन ते टोक बांधलं. इतकं लांब मी आयुष्यात चाललो नाही.

ती धावत आली आणि म्हणाली, भिंगरी नाही आजोबा, भिंगरीची लेक. बाबांनी तिचा चेहरा चाचपला, ताग निवडतात तसा, सावकाश, अंगठ्यानं. मला वाटलं आता रडतील. तुला माहीत आहेत ना आपले बाबा. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? म्हणाले, तुझी आई माझ्या पत्रांना उत्तर का देत नाही?

तुझी लेक बोलायला गेली, कुठली, एवढंच तिच्या तोंडातून निघालं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा झाला होता मला माहीत नाही, पण एकोणीस वर्षांच्या पोरीला त्यात सगळं वाचता आलं. तिनं तोंड मिटलं, बाबांचा हात धरला आणि म्हणाली, पत्रं मिळतात आजोबा. आई वाचते. मग तिला रडू येतं, म्हणून लिहायचं राहून जातं. बाबा म्हणाले, एवढंच ना? मला वाटलं रागावलीय. आणि ते हसले, ताई. माझ्यासाठी तुझी लेक खोटं बोलली आणि त्या खोट्यावर बाबा हसले. मला तिथंच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी बस निघाली तेव्हा ती पायरीवर चढून मागे वळली आणि पहिल्यांदा मला मामा म्हणाली. मामा, मी आजोबांशी एकदा खोटं बोलले, पुन्हा बोलायला लावू नका. आणि तुमच्या घरचा पत्ता लिहिलेला कागद माझ्या खिशात कोंबला.

आता ते उरलेलं अर्धं. तू गेल्यावर महिन्यानं तुझं पहिलं पत्र आलं. बाबांनी विचारलं, कुणाचं? मी म्हटलं, तागवाल्याचं. त्यांना वाचता येत नाही हे घरात एक बरं होतं, माझ्यापुरतं. तुझी सहा पत्रं आली. सगळी मी शेडच्या त्या टोकाला जाऊन वाचली, मला पाठ आहेत. वसतिगृहातली खिडकी, बाईंचा खोकला, तुझी पहिली नोकरी, लग्न, आणि सहाव्यात लेकीचा जन्म आणि तिचं नाव. प्रत्येकात एकच विचारलेलंस, बाबांचा राग गेला का. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. आणि दर वर्षी, तू गेलीस त्या तारखेला, बाबा मला बसवायचे, म्हणायचे, घे कागद, तिला लिही. ते सांगायचे आणि मी लिहायचो. काय लिहायचो ठाऊक आहे? पाढे. बाबा समोर बसून सांगताहेत आणि मी एकोणतीसचा पाढा लिहितोय. पेन चालताना बघून ते खूश व्हायचे. पाकीट स्वतः चिकटवायचे. मी पोस्टात टाकतो म्हणून न्यायचो आणि फाडून टाकायचो. पहिल्या वर्षी रागानं केलं. दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाचं उघडं पडेल म्हणून केलं. मग दर वर्षी तेच. तुझ्या भावजयीलासुद्धा माहीत नव्हतं. काल कळलं, तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते, नाहीतर टोमणा मारते, आणि चाकावर आता माझ्या तोंडाकडे बघत नाही.

बस गेल्यावर दोन दिवस मला अन्न गेलं नाही, आणि काल सकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते ताग निवडत होते, निवडत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हातातला जुडगा बांधून बाजूला ठेवला आणि त्यांनी विचारलं, किती? मी म्हटलं, तेवीस. मग विचारलं, मी काय काय सांगितलं होतं ते तरी लक्षात आहे का? मी म्हटलं, सगळं. तर म्हणाले, मग आता ते पाठव. म्हणून हे पत्र. पहिल्या वर्षीचं असं होतं, चाकाला तेल घालून ठेवलंय, माझा राग गेला. दुसऱ्या वर्षीचं, गुंड्याला चाक जमत नाही, तू हसशील. सातव्या वर्षी, लग्न केलं असशील तर त्यालाही घेऊन ये, त्याला काम लावणार नाही. माझ्या लग्नाच्या वर्षी, गुंड्याचं ठरलंय, तू आल्याशिवाय तारीख धरत नाही. आणि ताई, खरंच पाच महिने धरली नाही, मुलीकडचे लग्न मोडायला निघाले होते, तरी बाबा रोज रस्त्याकडे कान लावून बसायचे. सतराव्या वर्षी, डोळे गेले, तू येशील तेव्हा दारातूनच बोलत ये, म्हणजे मला कळेल. गेल्या वर्षीचं सगळ्यात लहान, उत्तर नको, नुसती ये. बाकीची वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवली आहेत, एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. माझ्या वाचण्यावर आता त्यांचा भरवसा नाही, आणि का असावा, म्हणून पाकीट बंद करायच्या आधी शाळेतल्या बाई येऊन हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार आहेत. म्हणजे वर जे जे लिहिलंय ते सगळं बाबा तुझ्याआधी ऐकणार. ऐकू देत, मी काही खोडत नाही. प्रत्येक पत्राच्या शेवटी ते एक ओळ सांगायचे, आणि ठासून सांगायचे, येतेस का असं विचारू नकोस, कधी येतेस असं विचार. या वर्षीचं सांगा म्हटलं तर मान हलवली. म्हणाले, मी तेवीस वेळा विचारलं, या वेळी तू विचार. तर मी विचारतो. ताई, कधी येतेस?

तुझाच,
गुंड्या